सध्या काय ऐकताय?

लांबी पाच फूट, उंची तीन फूट, रंग काळा आणि वजन असं की मला भिंतीवर चढवताना दोन धडधाकट माणसांना घाम फुटला होता. मी एक फळा आहे. फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वर्ग येतो, बाकं येतात, पाढे येतात. मी शाळेचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. माझं सगळं आयुष्य एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, तिथल्या धुलाईघरात गेलं. आणि वाईट गेलं असं मी मुळीच म्हणणार नाही.

खरं तर सुताराने मला शाळेसाठीच घडवलं होतं. पण माप घेताना बिचारा खिडकीची चौकट धरायची विसरला आणि मी भिंतीपेक्षा वीतभर लांब निघालो. शाळेने नाक मुरडलं. मला कापून लहान करावं असं सगळ्यांनी सुचवलं, पण तीन दिवस घासून गुळगुळीत केलेल्या अंगावर करवत चालवणं त्याच्या जिवावर आलं. "जाईल कुठंतरी," एवढंच तो म्हणाला. आणि मी इथे आलो.

सुरुवातीला माझ्याकडे हिशेबनिसाचं काम होतं. धुलाईघराच्या मुकादमबाई रोज सकाळी माझ्यावर लिहायच्या: चादरी इतक्या, अभ्रे इतके, ऑपरेशनचे हिरवे डगले इतके. संध्याकाळी ओल्या फडक्याने सगळं पुसायच्या. वाफेने खडूची अक्षरं फुगायची, पण त्यांचा आकडा कधी चुकला नाही. मग त्यांच्या टेबलावर संगणक आला आणि माझं काम संपलं. आठ महिने मी कोरा होतो. कुणीतरी माझ्या खिळ्याला ओला एप्रन अडकवायला लागलं. त्याचं पाणी ठिबकून ठिबकून माझा डावा कोपरा सुजला. तो अजून तसाच आहे.

त्याच सुमाराला घड्या घालायच्या टेबलावर एक नवी बाई आली. दोन लेकरांची आई, बोलायला मोजकी, हाताला मात्र चपळ. सगळे तिला ताई म्हणायला लागले. तिला एक सवय होती. चादरीची घडी घालताना ती गुणगुणायची. सात मशीनच्या गदारोळात ते कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. पण एका माणसाला गेलं.

तो माणूस म्हणजे आमचे मिस्त्री. सातही मशीन त्यांच्या जिवावर चालायची. त्यांचा कान असा की मशीन न उघडता, नुसतं बाजूला उभं राहून ते दुखणं सांगायचे. एकदा म्हणाले, पाच नंबरचा पट्टा आठवड्याभरात तुटेल. सगळे हसले. सहाव्या दिवशी पट्टा तुटला. तेव्हापासून मिस्त्री म्हणाले की झालं, पुढे कुणी शंका काढायची नाही, असा रिवाजच पडून गेला. या रिवाजाने पुढे काय केलं ते सांगतोच.

तर त्या दिवशी मिस्त्री पाना हातात धरून मध्येच थांबले, ताईच्या दिशेने कान केला, आणि बोलून उपयोग नाही हे ओळखून माझ्याकडे आले. फळीवर पडलेला खडूचा तुकडा उचलून त्यांनी लिहिलं, "सध्या काय ऐकताय? चाल ओळखीची वाटते."

ताईने हात पुसले, आली, आणि खाली लिहिलं, "आई शिवणकाम करताना म्हणायची. नाव मलाही माहीत नाही."

बस, एवढंच. पण आठ महिन्यांनी माझ्या अंगावर अक्षर उमटलं होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या रोलरवर काम करणाऱ्या इस्त्रीवाल्या मावशींनी कुणी न विचारता खाली एक ओळ लिहिली: "मी रेडिओवरचं शेतकी भाषण ऐकते. शेत नाही. माणसाचा आवाज गोड आहे." तिसऱ्या दिवशी पाच ओळी झाल्या. महिन्याभरात मी गच्च भरलो.

त्या काळी जो तो कानात वायर घालून काम करायचा. मशीनच्या आवाजात दुसरं करणार तरी काय? प्रत्येकाचं गाणं त्याच्या त्याच्या कानात. शेजारी शेजारी उभी असलेली माणसं, पण एकाच्या कानात तबला, दुसरीच्या कानात अंगाई. माझ्यामुळे ते एकमेकांना कळायला लागलं. कुणी लिहायचं, "बाईचा आवाज, एकटी, मागे काहीच नाही. नक्की ऐका." कुणी लिहायचं, "मावशींनी सांगितलेलं ऐकलं. पहिल्यांदा कंटाळा आला. तिसऱ्यांदा रडू आलं." एकाने तर सतरा दिवस एकच गाणं लिहिलं. अठराव्या दिवशी मुकादमबाईंनी खाली लिहिलं, "आता पुरे."

मला स्वतःला मात्र यातलं एकही गाणं ऐकू यायचं नाही. कानातलं गाणं कानातच राहतं. माझ्यासाठी गाणं म्हणजे खडूचा स्पर्श. कोण दाबून लिहितंय, कोण बोट टेकवत थांबतंय, कोण लिहून अर्धं पुसतंय, त्यावरून मी समजायचो की गाणं कसं असेल.

एक भांडणही झालं. गाठोडी ने-आण करणाऱ्या गाडीवाल्या भाऊंनी लिहिलं होतं, "ससा आणि घड्याळ, बालगीत." कुणीतरी शेजारी दुधाची बाटली काढली. दिवसभर हशा पिकला. भाऊ चार दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी मिस्त्रींनी त्यांना विचारलं, तेव्हा कळलं की भाऊंची मुलगी वरच इस्पितळात होती आणि तेच गाणं लावल्याशिवाय ती औषध घेत नव्हती. मिस्त्रींनी काही भाषण केलं नाही. त्यांनी बाटली पुसली आणि माझ्या वरच्या कडेला ठळक अक्षरांत लिहिलं, "हसायचं नाही." ते शब्द पुढे पाच वर्षं कुणी पुसले नाहीत. मुलगी बरी झाली आणि भाऊंच्या ओळींत मोठ्या माणसांची गाणी आली, तेव्हाही नाही.

या पाच वर्षांत मिस्त्री आणि ताई यांच्यात एक छान मैत्र जमलं. बोलणं फारसं नाही. मध्ये मी आणि खडू. मिस्त्री ताईच्या वडिलांपेक्षा थोडे लहान असतील. तिने लिहिलेलं ते घरी जाऊन ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी दोन शब्द लिहायचे, असे नेमके की जणू मशीन उघडून आतला स्क्रू दाखवावा. "दुसऱ्या कडव्यानंतर वादक श्वास घेतो, तो ऐका." ताई ऐकायची आणि तो श्वास खरंच सापडायचा. ती म्हणायची की मिस्त्रींमुळे तिला ऐकायला आलं. खुशाल म्हणू दे. पण कान तिचा मुळातच पक्का होता.

मग मिस्त्रींच्या ओळी बदलल्या. हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण खडू माझ्या अंगावर फिरत होता. पूर्वी ते लिहिता लिहिता थांबायचे, आठवायचे. आता ते झरझर लिहायला लागले, पाठ केलेलं उत्तर लिहावं तसं. नेमकं काही नसायचं. "फार सुंदर." "आवाज छान." लिहिण्याआधी ते खिशातली छोटी वही उघडून बघायचे. गप्पांमध्ये उगाचच मान डोलवायचे. कुणी मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. सगळे म्हणायचे, मिस्त्री आपल्या तंद्रीत असतात.

एका सकाळी त्यांनी लिहिलं, "क्लॅनेरिट. संथ. पावसाळी दुपारसारखं."

ताई घडी घालता घालता थांबली. ही ओळ तिची होती. तीन वर्षांपूर्वी तिनेच ती माझ्यावर लिहिली होती आणि क्लॅरिनेट लिहिताना तिची अक्षरं उलटीपालटी झाली होती. तेव्हा "हसायचं नाही" या नियमामुळे कुणी ती चूक दाखवली नव्हती. आज मिस्त्रींच्या हातून तीच ओळ, तीच चूक. तिला त्यांच्या खिशातल्या वहीचा उलगडा झाला. तो माणूस ऐकून लिहीत नव्हता. वहीत टिपून ठेवलेल्या जुन्या ओळी उतरवून काढत होता.

आणि तिला त्याच क्षणी दुसरी गोष्ट आठवली. दोन दिवसांपासून तीन नंबरच्या मशीनमधून एक बारीक शिट्टी येत होती. फार बारीक, पण सुईसारखी. तिने मावशींना सांगितलं होतं, भाऊंनाही सांगितलं होतं. दोघांचं उत्तर एकच होतं. मिस्त्री रोज तिथून चार वेळा जातात, काही असतं तर त्यांना कळलं नसतं का? आणि ताई स्वतःही हेच समजून गप्प बसली होती. तीन नंबर म्हणजे सगळ्यांत मोठा ड्रम. तो ओल्या चादरींनी भरून गरगर फिरतो तेव्हा जमीन हादरते. आणि मावशींचा रोलर त्याच्यापासून चार पावलांवर.

ती उठून माझ्याकडे आली. खोलीकडे पाठ करून, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, माझ्या सुजलेल्या कोपऱ्यापाशी अगदी लहान अक्षरांत तिने लिहिलं, "तीन नंबर दोन दिवस शिट्टी घालतंय. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मग तिने मिस्त्रींना खुणेने बोलावलं. त्यांनी वाचलं. वाचून झाल्याबरोबर तिने तळहाताने सगळं पुसून टाकलं, जणू काही लिहिलंच नव्हतं. पुढे काय करायचं ते तिने त्यांच्यावर सोडलं.

माझ्यावर हजारो ओळी लिहिल्या गेल्या, पण त्या अर्ध्या मिनिटाइतकं जड मला काही लागलं नाही. मिस्त्रींनी खडू उचलला. तो त्यांच्या बोटांत मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी लिहिलं, "नाही. दीड वर्ष झालं."

स्वतःच्या बाहीने ते पुसलं आणि सरळ तीन नंबरपाशी जाऊन लाल बटण दाबलं. ड्रम घरघरत थांबला. सगळे बघायला लागले. मिस्त्रींनी मागचं झाकण काढलं आणि बेअरिंग बाहेर घेतलं. त्यातल्या गोळ्या झिजून पार चपट्या झाल्या होत्या, आणि ज्या दांड्यावर ड्रम फिरतो तो दांडा बोटभर खाल्ला गेला होता. संध्याकाळपर्यंत मशीन चाललं असतं तर ड्रम सुटून थेट मावशींच्या रोलरवर आला असता.

मुकादमबाई म्हणाल्या, बरं झालं, मिस्त्रींनी वेळेवर पकडलं. तेव्हा मिस्त्रींना गप्प राहता आलं असतं. ताईने तशी वाट त्यांना मोकळी ठेवली होती. पण ते म्हणाले, "मी नाही पकडलं. ताईने पकडलं. मला ऐकू येत नाही, बाई. बारीक आवाज तर अजिबात नाही. मी लपवलं. हे माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी वरून साहेब आले. त्यांनी तीन निर्णय घेतले. मिस्त्रींची बदली सामानाच्या खोलीत. कानात वायर घालायला बंदी. आणि या सगळ्या नादाचं मूळ म्हणून फळा काढायचा. दुपारी माझे स्क्रू निघाले. मला मळक्या कपड्यांच्या गाड्यांमागे, तोंड भिंतीकडे करून उभं केलं. जाता जाता माझ्यावरची गाणी कुणाच्या तरी शर्टाला पुसली गेली.

नऊ दिवस मी भिंतीकडे बघत होतो. दिसत काही नव्हतं, ऐकत मात्र होतो. ताईने मिस्त्रींना वरच्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, हे मी मावशींच्या तोंडून ऐकलं. मिस्त्री आढेवेढे घेत होते, तर ताईने त्यांच्या पान्यांची पेटीच उचलली आणि चालू लागली. पेटीमागे मिस्त्री गेले. एकाच इमारतीत वर कानाचे डॉक्टर आणि खाली बहिरा होत चाललेला माणूस, आणि मध्ये फक्त चार मजले.

सातव्या दिवशी त्या डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. बरोबर आवाज मोजायचं यंत्र होतं. सातही मशीन चालू ठेवायला लावून त्या अर्धा तास फिरल्या. मग धुलाईघरातल्या चौदाही जणांची तपासणी झाली. मिस्त्रींशिवाय आणखी चौघांचे कान उतरणीला लागलेले निघाले. त्या चौघांत साहेबांच्या बाजूने सगळ्यांत जोरात बोलणारे मुकादमबाईंचे मदतनीसही होते.

साहेबांना बोलावणं गेलं. डॉक्टरबाई त्यांना शांतपणे म्हणाल्या की या लोकांचे कान फळ्याने बिघडवलेले नाहीत. इथल्या आवाजाने बिघडवलेत. हा आवाज दाबायला हे लोक कानातलं गाणं आणखी मोठं करतात, आणि त्याने उरलासुरला कान जातो. मशीनखाली रबर बसवा, माणसांच्या कानांवर टोप्या द्या. कागद मी लिहून देते.

साहेबांनी कागद घेतला. टोप्या आणि रबर त्यांना मान्य होतं. पण मिस्त्रींचं काय? ऐकू न येणाऱ्या माणसाच्या हातात सात मशीन कशी द्यायची? प्रश्न रास्त होता, हे मीही मान्य करतो. मग ताईचा आवाज आला. इतकी वर्षं ती माझ्या समोर होती, पण एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

"कान माझे, हात त्यांचे. मला त्यांच्या हाताखाली द्या, साहेब. तीन महिने बघा. एक जरी मशीन आम्हाला न कळता बंद पडलं, तर आम्ही दोघंही सामानाच्या खोलीत जातो."

साहेब म्हणाले, "तीन महिने."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण मावशींनी आणि भाऊंनी मला त्याच आठवड्यात परत भिंतीवर चढवलं. साहेबांना विचारलं नाही, आणि साहेबांनीही दिसूनसुद्धा विचारलं नाही.

मिस्त्रींच्या कानामागे आता छोटं यंत्र बसलं होतं. त्याने माणसं बोललेली कळायची, पण मशीनचे बारीकसारीक आवाज सगळे एकत्र खिचडी होऊन यायचे. म्हणून मिस्त्रींनी नवी विद्या काढली. ते तळहात मशीनवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. ताई काही वेगळं ऐकायची आणि बोट दाखवायची, मिस्त्री हाताने ते शोधायचे. सुरुवातीला दोघांचं जमेना. ताई म्हणायची ठकठक, मिस्त्री म्हणायचे थरथर. एकदा तर अर्धा दिवस दोघं एकाच सैल बोल्टसाठी दोन टोकांना शोधत होते. पण दुसऱ्या महिन्यात सहा नंबरच्या पंपाची कुरकुर ताईने सकाळी आठला ऐकली आणि सव्वाआठला मिस्त्रींच्या हाताला नट लागला. तीन महिने संपले त्या दिवशी साहेब खाली आले, सातही मशीन चालू बघितली, माझ्यावरच्या चार ओळी वाचल्या आणि वर गेले. बदलीचा कागद परत आला नाही.

जेवणाच्या सुट्टीत आता मशीन अर्धा तास पूर्ण बंद ठेवतात. डॉक्टरबाईंनी कानांना तेवढी विश्रांती सांगितली होती. कानात वायर घालणं सगळ्यांनीच कमी केलं. मग प्रश्न आला की लिहिलेलं ऐकायचं कधी. भाऊंनी एक छोटा स्पीकर आणला आणि माझ्या खडूच्या फळीवर ठेवला. त्या दिवशी माझ्यावर जी ओळ सगळ्यांत वर असेल ते गाणं लावायचं, सगळ्यांनी मिळून ऐकायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी मावशींचा शेतकी भाषणवाला लागला, तो भाग सोडा. दुसऱ्या दिवशी एक पखवाज लागला. आणि माझ्या लाकडात काहीतरी चाललं. आधी फळीत, मग चौकटीत, मग सगळ्या अंगभर. इतकी वर्षं गाण्यांची नुसती नावं वागवत होतो, आज गाणं अंगातून गेलं. हा अनुभव शब्दांत सांगायला मी खडूचा जन्म घ्यायला हवा होता. मिस्त्री डबा बाजूला ठेवून उठले, माझ्याजवळ आले आणि तळहात माझ्यावर टेकवला. यंत्रातून त्यांना जे धड ऐकू येत नव्हतं ते त्यांना माझ्या अंगातून कळत होतं. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग खडू घेऊन लिहिलं, "शेवटी डाव्या हाताची थाप एक चुकली." ताईने ते पुन्हा लावून ऐकलं. खरंच चुकली होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मिस्त्री निवृत्त झाले. ताईला आता सगळे मिस्त्रीबाई म्हणतात, आणि सातही मशीन तिच्या ताब्यात आहेत. मावशी अजून रोलरवर आहेत. नवी माणसं आली. ती फोनवर एक गट करून त्यात गाणी पाठवतात, तरी खाली आली की माझ्यावर एक ओळ लिहितात. मी थकलोय असं समजू नका. रंग उडालाय, मधोमध एक भेग गेलीय, खडू नीट धरत नाही, एवढंच. येत्या सोमवारी मला उतरवून नवा रंग देणार आहेत. अंगावरचं सगळं जाईल. जाऊ दे. लिहिलेलं पुसणं हा आमच्या जातीचा धर्मच आहे, मला त्याचं दुःख नाही.

तुम्हाला मात्र एक सांगणं आहे. तुमच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाला कधीतरी विचारा, तो काय ऐकतोय. आणि त्याने उत्तर दिलं की ते नीट वाचा. माणूस खरं लिहितोय की नुसतं उतरवून काढतोय, हे ज्याला कळतं त्याच्यापाशी वेळेवर बटण दाबायची बुद्धी असते.

गेल्या गुरुवारी मिस्त्री भेटायला आले होते. हातात काठी, कानामागे नवं यंत्र, पूर्वीपेक्षा लहान. अर्धा तास ते ताईबरोबर मशीनमधून फिरले. जाताना त्यांनी वही काढली नाही, कुणाला विचारलं नाही, खडू घेऊन सावकाश, थांबत थांबत लिहिलं:

"नात व्हायोलिन शिकते. वरचा सूर अजून कणसूर लागतो. मला ऐकू आलं."